फोटोला उत्तर देऊ नका, वहीच्या पानाला द्या

प्रश्न थोडक्यात असा. निपाणीकडच्या एका ताईंनी बी.एस्सी. झाल्यावर दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर गणिताची मोफत मदत सुरू केली आहे. मुलं पुस्तकातल्या गणिताचा फोटो टाकतात आणि उत्तर मागतात. उत्तर दिलं तर जसंच्या तसं वहीत उतरवतात. ‘आधी स्वतः प्रयत्न कर’ म्हटलं तर ते मूल पुन्हा तोंड दाखवत नाही. मग करायचं काय, असं त्या विचारतात.

ताई, मी खानापूर तालुक्यात आणि शेवटची काही वर्षं बेळगावात मिळून ३१ वर्षं गणित शिकवलं. मी निवृत्त झालो, फोन काही झाला नाही. त्यामुळं तुमची अडचण मला तोंडपाठ आहे. आधी माझी चूक सांगतो.

२०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि मुलं फोटो टाकू लागली. मी रोज रात्री जेवण करून बसायचो, कोऱ्या कागदावर एकेक गणित सुबक अक्षरात सोडवायचो आणि फोटो काढून पाठवायचो. प्रत्येक पायरीपुढं कंसात कारणसुद्धा. पोरं ‘थँक्यू सर’ लिहून हात जोडलेलं चित्र पाठवायची. पालक खूश, मीही खूश. ऑगस्टमध्ये कर्नाटक सरकारनं विद्यागम, म्हणजे शिक्षकांनी गावात जाऊन लहान गटांना शिकवायची योजना, सुरू केली आणि आम्ही गावोगावी देवळाच्या कट्ट्यावर चार-पाच पोरांना घेऊन बसायला लागलो. तेव्हा पहिल्यांदा वह्या हातात आल्या. काय देखण्या वह्या होत्या! माझेच कागद, माझ्याच कंसांसकट. त्यातल्या एका मुलाला तेच गणित आकडे बदलून घातलं. त्यानं ‘समजा’ एवढं लिहिलं, पेनाचं टोपण चावलं आणि माझ्याकडं बघत बसला. वहीत ते गणित त्याच्याच हातानं दोनदा लिहिलेलं होतं.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. प्रश्नाच्या फोटोला मी उत्तर देत नाही. वहीच्या पानाच्या फोटोला देतो.

पान अर्धं असलं तरी चालेल, चुकीचं असलं तर उत्तमच. अगदी काहीच सुचलं नसेल तर गणित स्वतःच्या अक्षरात उतरवून काढायचं, काय दिलंय आणि काय काढायचंय या दोन ओळी लिहायच्या आणि जिथं गाडं अडलं तिथं आडवी रेघ मारून फोटो टाकायचा. ‘प्रयत्न कर’ म्हटल्यावर मूल गायब होतं, कारण प्रयत्न म्हणजे नेमकं काय करायचं हे त्याला ठाऊकच नसतं. ‘दोन ओळी लिही आणि रेघ मार’ हे मात्र कुणालाही जमतं. आणि तुमचाही फायदा असा, की उत्तर देण्यासारखं काहीतरी तुमच्या हातात येतं. पुस्तकातलं गणित सगळ्यांचं एकच असतं. अडण्याची जागा ज्याची त्याची वेगळी.

एक उदाहरण जवळून दाखवतो. गणित असं होतं: एक बस ६० किलोमीटर अंतर एकसारख्या वेगानं जाते. वेग ताशी १० किलोमीटरनं वाढवला असता तर ३० मिनिटं कमी लागली असती. तर बसचा वेग काढा. जांबोटीकडच्या एका मुलीनं पुस्तकाचा फोटो टाकून लिहिलं, ‘सर, अवयव पडत नाहीत.’ मी लिहिलं, ‘पान दाखव.’ पान आलं. वेग क्ष धरलेला, मांडणी स्वच्छ, ६० भागिले क्ष वजा ६० भागिले (क्ष + १०) बरोबर ३०. पुढं सोडवत ती क्ष² + १०क्ष – २० = ० इथपर्यंत आली होती आणि वीसचे अवयव पाडून पाडून समासाचा नुसता चिवडा केला होता.

चूक तुम्हाला दिसलीच असेल. वेग ताशी आणि वेळ मिनिटांत. इथं ‘३० नाही, १/२ घे’ असं लिहायला मला पाच सेकंद लागली असती. तिनं खोडलं असतं, १/२ केलं असतं, ताशी ३० उत्तर आलं असतं आणि पुढच्या गणितात पुन्हा मिनिटंच घातली असती. मी लिहिलं, ‘अवयव पडत नसतील तर सूत्रानं सोडव. वेग किती येतो तेवढं कळव.’ वीस मिनिटांनी उत्तर आलं: साधारण १.७. मी विचारलं, ‘या वेगानं बेळगावहून खानापूरला कधी पोचशील?’ अंतर सव्वीस किलोमीटर. थोड्या वेळानं व्हॉइस मेसेज आला, मागं कुकरची शिट्टी: ‘सर, पंधरा तास! बैलगाडीबी याच्यापेक्षा जोरात जातीय.’ मी काहीच लिहिलं नाही. दोन मिनिटांत दुसरा आला: ‘अय्यो सर, ते तीस मिनिटं हाय की.’

त्या ‘अय्यो’साठीच हा सगळा खटाटोप. मी चूक सांगितली नाही. तिला तिच्याच उत्तरासमोर नेऊन उभं केलं. शब्दगणितात हे हत्यार फार कामाला येतं: चुकीचं उत्तर पूर्ण येऊ द्या आणि मग ते जगात चालतं का हे मुलालाच बघायला लावा. मधेच अडवलंत तर त्याला फक्त तुम्ही अडवल्याचं आठवतं.

नुसती आकडेमोड चुकली असेल तेव्हा एवढं नाटक करू नका. पानाच्या फोटोवर बोटानं लाल गोल काढा आणि पाठवून द्या. फक्त ओळीभोवती गोल. काय चुकलं ते लिहायचं नाही. चिन्ह बदललं असेल, कंस सोडवताना दुसऱ्या पदाला गुणायचं राहिलं असेल. मुलगा गोल बघतो आणि बहुतेक वेळा स्वतःच ‘हां सर’ म्हणतो. आणि हो, अधूनमधून बरोबर ओळीभोवतीही गोल काढून ‘ही ओळ कशी आली?’ विचारायचं. नाहीतर सरांनी गोल काढला म्हणजे चूक, एवढंच पोरं शिकतात आणि डोळे झाकून चिन्ह उलटं करतात. माझ्या बाबतीत तसं झालंय.

आता वेळेचं. अमेरिकेत १९७० च्या दशकात मेरी बड रो या संशोधक बाईंनी वर्गातलं बोलणं टेप करून तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात आणि मग स्वतःच बोलून टाकतात, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद थांबलं तरी मुलांची उत्तरं लांब आणि चांगली होतात. फोनवर हे आयतंच मिळतं, पण एक अडचण घेऊन. आपल्याकडं फोन बहुतेक वेळा मुलाचा नसतो. बापाचा असतो आणि बाप उद्यमबागेतल्या फाउंड्रीत सेकंड शिफ्टला. तो रात्री घरी आला की मुलाला अर्धा तास फोन मिळतो. कणकुंबीच्या बाजूला तर रेंजसाठी घराबाहेर, कुठल्यातरी ठरलेल्या वळणावर जाऊन उभं राहावं लागतं. अशा मुलाला तुम्ही ‘तुला काय वाटतं?’ एवढंच लिहिलंत, तर त्याचा पूर्ण दिवस गेला. समोर बसून शिकवताना लहान लहान प्रश्न चालतात, इथं चालत नाहीत. म्हणून मी एका मेसेजमध्ये दोन वाटा देतो: ‘दुसऱ्या ओळीतल्या दोन्ही बाजूंची एककं लिहून बघ. सारखी आली तर तिसरी ओळ पुन्हा कर. वेगळी आली तर सारखी करून घे आणि तिथून पुढं जा.’ म्हणजे मी झोपलो असलो तरी त्याचं काम थांबत नाही.

दुसऱ्या टोकाची चूकही सांगून ठेवतो, कारण उत्साही तरुण शिक्षक तीच करतात. उत्तर द्यायचं नाही म्हणजे काहीच द्यायचं नाही, असं ते धरून चालतात. ज्या मुलाला वर्गसमीकरण म्हणजे काय हेच कळलेलं नाही त्याला प्रश्नामागून प्रश्न विचारणं हा छळ आहे. विहिरीत पडलेल्याला पोहण्याबद्दल प्रश्न विचारू नयेत. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावरच प्रयोग करून दाखवलं होतं, की नवख्या विद्यार्थ्यांना नुसती गणितं सोडवायला देण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली तर पुढची तशीच गणितं ते लवकर आणि कमी चुका करत सोडवतात. म्हणजे माझे ते सुबक कागद अगदीच वाया जाणारे नव्हते. मी ते चुकीच्या गणिताचे पाठवत होतो, एवढंच. मुलानं विचारलेलं गणित सोडवून द्यायचं नाही. त्याच्या सख्ख्या भावाचं सोडवून द्यायचं.

म्हणजे कसं? मुलगा श्रेढीत अडला. मी ३, ७, ११… या श्रेढीत ७९ हे कितवं पद, हे पूर्ण सोडवून पाठवतो: ७९ मधून ३ गेले ७६, ७६ भागिले ४ म्हणजे १९ उड्या, म्हणून विसावं पद. मग ५, ८, ११… मध्ये ९२ कितवं, हे अर्धं सोडवून पाठवतो. मधली ओळ कोरी, शेवटचं उत्तर ‘तिसावं’ हे लिहिलेलं. कोरी ओळ त्यानं भरायची. त्यानंतर त्याचं स्वतःचं गणित. विसावं का, एकोणिसावं का नाही, इथं निम्मी पोरं घसरतात. ती कोरी ओळ मी मुद्दाम तिथंच ठेवतो.

काही गोष्टी सरळ सांगून टाका. व्याख्या, चिन्हं, सूत्राचं नाव, शब्दाचा अर्थ या गोष्टी विचार करून सापडणाऱ्या नसतात. आणि आपल्या भागात तर शब्दांचाच गुंता मोठा. मूल घरी मराठी बोलतं, शेजारच्या ट्यूशनला कन्नड ऐकतं आणि यूट्यूबवर मराठीत शोधलं की महाराष्ट्र बोर्डाचे व्हिडिओ निघतात. तिकडं गणिताचे भाग १ आणि भाग २ असे दोन पेपर, आपल्याकडं एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकच्या दहावीला, ८० गुणांचा एकच. धडे जुळत नाहीत, शब्द जुळत नाहीत. बालभारती ‘अंकगणिती श्रेढी’ म्हणते, कन्नड पुस्तक ‘समांतर श्रेढी’ म्हणतं. आपण वर्तुळ म्हणतो, कन्नडमध्ये ते वृत्त. आपला त्रिकोण तिकडं त्रिभुज. एकदा एका मुलानं मला ‘वृत्ताची त्रिज्या’ असं विचारलं आणि मी क्षणभर वर्तमानपत्राचा विचार करत बसलो. अशा वेळी मुलाला कोड्यात टाकण्यात काही अर्थ नाही. ‘वृत्त म्हणजेच वर्तुळ’ म्हणा आणि पुढं चला. मी तर इंग्रजी शब्दही लगेच जोडून देतो, विवेचक म्हणजे डिस्क्रिमिनंट. कारण पुढं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेणाऱ्याला सगळं इंग्रजीतच गिळायचं असतं.

आकड्यांचंही तसंच. मराठीत सत्तेचाळीस म्हणताना सात आधी येतो, कन्नडमध्ये ‘नलवत्तेळु’, म्हणजे चाळीस आधी, सात नंतर. दोन्ही भाषा कानावर पडणारी मुलं व्हॉइस मेसेज ऐकून ४७ चे ७४ करतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असं संख्यावाचन आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. आमच्याकडच्या पोरांना त्यात नवल काहीच नव्हतं, ‘इप्पत्तोंदु’ म्हणजे तेच की. तेव्हा बोलून समजवा जरूर, टाइप करण्यापेक्षा ते बरंच, पण आकडे कागदावर लिहून त्याचा फोटो सोबत टाका. एखाद्या मुलाची आकडेमोड वारंवार विचित्र चुकत असेल तर आधी त्याला आकडे मोठ्यानं वाचायला लावा. गणित येत नाही असा शिक्का नंतर मारा.

ग्रुपवर मदत करत असाल तर तिथं एक हुशार पोरगा असतोच. तुम्ही सूचना टाइप करेपर्यंत तो उत्तर टाकून मोकळा. त्याला रागावू नका. ‘तुला येतंय तर याला असा एक प्रश्न विचार की ज्यानं त्याला सुचेल’ हे काम त्याला द्या. त्याला ते गणितापेक्षा अवघड जातं आणि तो गप्प बसतो, किंवा खरंच शिकवायला लागतो. चुकलेलं पान मात्र ग्रुपवर मागू नका. निदान सुरुवातीला तरी नको. मुली तर अजिबात टाकत नाहीत. पान वैयक्तिक नंबरवर घ्या, तेही पालकांच्या फोनवर आणि पालकांना सांगून.

आता सगळ्यात अवघड प्रसंग. रात्री साडेनऊला आईचा मेसेज येतो, ‘सर, उत्तर सांगा की, उद्या वही तपासणार आहेत.’ इथं माझी तत्त्वं जरा मऊ होतात, खोटं कशाला बोलू. मी ज्या एका शाळेत होतो तिथं गृहपाठ अपुरा असला की मुलाला वर्गाबाहेर उभं करायचे. मी हटून बसलो आणि एक मुलगी दोन तास उन्हात उभी राहिली. तिचा तो दिवसही गेला आणि माझ्यावरचा विश्वासही. त्यानंतर मी असं करतो: पाचपैकी तीन गणितं तिनं करायची, जी अडतील त्यांची मांडणी लिहून खाली ‘इथं अडले’ असं स्पष्ट लिहायचं, आणि वर्गशिक्षकांना मीच फोन करतो, की पान कोरं नाही, मुलीनं काम केलंय. बहुतेक शिक्षक ऐकतात. खरं तर त्यांनाही ‘इथं अडले’ हे वाचायला हवंच असतं, कारण पस्तीस वह्यांमध्ये एकच उत्तर बघून त्यांनाही काही कळत नाही. एखादे ऐकत नाहीत. तेव्हा मी उत्तर देतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच गणित आकडे बदलून परत मागतो. ही उधारी वहीत लिहून ठेवा. वसूल केली नाही तर ती बुडते.

इतर विषयांबद्दल थोडक्यात. समाजविज्ञानात पानाचा नंबर आणि परिच्छेद सांगा, उत्तर त्याच्या शब्दांत दोन ओळींचं मागा. कन्नड निबंधात मात्र आपल्या पोरांना वाक्यंच सुचत नाहीत. तिथं चार वाक्यांचे साचे सरळ द्या आणि त्यात शब्द बदलायला सांगा.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, की फोटो काढला की उत्तर देणारी अ‍ॅपं आणि एआय आता सगळ्यांकडं आहेत, मग आपण उत्तर लपवून काय मिळवणार. बरोबर आहे. लपवाछपवी संपली. गाईडाच्या काळातही ती नव्हतीच, गाईड शनिवारी बेळगावातून यायचं, आता दहा सेकंदांत येतं. मी आता पोरांना सांगतो, अ‍ॅपचं उत्तर खुशाल आण, पण वहीत उतरवून आण आणि सोबत व्हॉइस मेसेजमध्ये मी विचारेन त्या एका ओळीचं कारण सांग. मग मी पाचवी ओळ चौथीतून कशी आली ते विचारतो. अ‍ॅपं मधल्या दोन पायऱ्या गिळतात, नेमकी तीच ओळ मी धरतो. एका पठ्ठ्यानं एकदा सांगितलं, ‘सर, हे अ‍ॅपलाच विचारतो थांबा.’ म्हटलं विचार. विचारून आला आणि नीट समजावलंन. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पहिले पंधरा दिवस गर्दी कमी होईल. फक्त उत्तरासाठी येणारी पोरं जातील, त्यातली काही घटक चाचणीचे गुण कळल्यावर परत येतील. तोवर उरलेल्यांची पानं लवकर तपासा. पान टाकलं आणि दोन दिवस सर दिसलेच नाहीत, असं झालं तर हा नियम एका दिवसात मोडतो.

आज रात्री ग्रुपवर टाकायला माझा जुना निरोप देतो, हवा तसा बदलून घ्या:

‘उद्यापासून पुस्तकाचा फोटो नको. वहीचं पान टाका. वर गणित, खाली दिलेलं काय आणि काढायचं काय, मग जमेल तितकं. अडलात तिथं रेघ. चुकलेलं पान चालेल, खाडाखोड चालेल, पेन्सिल चालेल. अक्षर मात्र तुमचं पाहिजे. साडेआठच्या आत आलेल्या पानाला त्याच रात्री उत्तर. ज्यांच्या घरी फोन उशिरा येतो त्यांनी ‘उशीर’ एवढंच लिहून पान टाका, सकाळी शाळेला निघायच्या आत बघतो.’